बर्फात चढणाऱ्या पोरीचं गाऱ्हाणं

नोकरी लागल्यानंतर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी घरी आले. देवरुखच्या अलीकडे आमची वाडी. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच बाबा म्हणाले, "आंघोळ कर नि देवळात चल. गाऱ्हाणा घालायचाय." प्रवासाने अंग आंबलं होतं, राग तर माझ्या नाकावरच असतो. धुसफुसतच गेले.

देवळात वाडी जमलेली. गुरवकाकांनी नारळ हातात धरून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ही पोर लांब बर्फाच्या डोंगरावर चढते. तिचा पाय घसरू देव नको, हाय तशी सुखरूप घरी आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

माझे कान तापले. मी कुठल्याच डोंगरावर चढत नव्हते. मी काम करत होते ते एसीच्या खोलीत, फिरत्या खुर्चीत बसून. स्वच्छ बर्फ अंगावर पडलेलं बरंचसं ऊन परत पाठवतो. त्यात काजळी, धूळ मिसळली की तो ऊन पिऊन घेतो आणि लवकर वितळतो. परत आलेलं ऊन उपग्रह टिपतो. ते कुठे कमी पडलं आणि ते काजळीमुळे की नुसत्या डोंगराच्या सावलीमुळे, एवढंच मी पडद्यावर शोधायचे. खरा बर्फ मी पाहिलासुद्धा नव्हता.

फोनवर बाबांना म्हटलं होतं, हिमालयातल्या बर्फात काजळी किती ते आम्ही मोजतो. त्यांनी मोजणी पाहिलेली ती जमिनीची, साखळी घेऊन बांधाबांधाने फिरणारी. मोजायचं म्हणजे तिथे जायचंच, असं त्यांनी धरलं.

शेजारची काकू कुजबुजली, "दर पुनवेला नारळ देतो तुझा बापूस. एकदा पण चुकला नाय."

बाबा टोपी हातात धरून, डोळे मिटून उभे होते. मी खरं बोलले असते तर भर वाडीत त्यांचं हसं झालं असतं. गुरवकाकांनी पुढचं मागणं घातलं, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा." देवासमोर उभं राहून. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

उतारावर आम्ही दोघंच राहिलो तेव्हा मी सांगून टाकलं. "बाबा, मी डोंगरावर जात नाही. खोलीत बसून उपग्रहाने काढलेले फोटो बघते."

ते थांबले. मी खाली बघत राहिले. सगळ्या वाडीला काय तोंड दाखवू, असं काहीतरी ऐकायची मी तयारी केली होती.

"कधीच नाय चढलीस?"

"कधीच नाही."

"म्हंजे पडायची भीती नाय?"

"नाही."

बाबा वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसले, टोपीने तोंड पुसलं. "आधी नाय का सांगायचा, बाय?" ते म्हणाले. "बातम्यांत तिकडे बर्फ कोसळला म्हणाले, की रातभर डोळा लागायचा नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.