पूजेतली सुरी

मुलांनो, आजीचे हात आता चालत नाहीत, असं तुम्हाला फोनवर कळलं असेल. ही बातमी तुमच्या मामाने पसरवली. ती खोटी आहे, आणि कशी खोटी ठरली ते मी इथे नीट लिहिते.

आमच्या जुन्या सुरीची मूठ निखळली. गुडघ्यांमुळे खाली बसून विळीवर चिरणं मी केव्हाच सोडलं, त्यामुळे ओट्याशी उभं राहून भाजी चिरायला सुरी हवीच. मामीने दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथल्याच, गुजरातेतल्या आमच्या डिंडोलीच्या बाजारातून नवी आणली. आरशासारखी चकचकीत. पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं, धार जन्मभर टिकेल. कुणाच्या जन्मभर, ते लिहिलं नव्हतं.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं पुजतात. मामाचे कारखान्यातले पाने, पक्कड, माझी माळ्यावरची विळी, कात्री, सगळं पाटावर मांडलं आणि मधोमध नवी सुरी. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, म्हणून फाफडा-जिलेबीवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी मी टोमॅटो घेतला. सुरी ठेवली तर साल नुसती दबली. जोर दिला तर टोमॅटो फुटला आणि रस माझ्या चष्म्यावर. मिरची चिरायला गेले, ती चेंगरली.

"ही सुरी बोथट आहे," मी म्हणाले.

मामीने जीभ चावली. "आई, असं नका बोलू. कालच पूजा झाली तिची."

सगळी गोची इथेच होती. पुजलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत. पण टोमॅटो तर चिरडला होता, मग दोष कुणाला तरी द्यायलाच हवा. सुरीला देता येईना, तो माझ्या हातांना मिळाला.

"वय झालं, माय," मामा म्हणाला. "हातातला जोर जाणारच. उद्यापासून भाजी ही चिरेल. तू आरामात बस, सीरियल बघ."

"मी सीरियल बघत नाही."

"मग भजनं ऐक."

या घरातला स्वयंपाक मी राजीखुशीने सोडला. फोडणी मामीची, भाकरी मामीची. पण भाजी चिरणं मी ठेवून घेतलं आहे. एकदा ओट्यापासून उठवलं की माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. पाहुणा व्हायला मी तयार नव्हते.

तरी त्याच दुपारी मनात शंका आली, हे कबूल करते. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण उघडून पाहिलं. ओली चादर पिळून पाहिली. हात ठीक होते. मग सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत टोमॅटो घेतले आणि चपला घातल्या.

"पुजलेली वस्तू परत करायची?" मामी दारात आडवी आली. मी थांबत नाही हे पाहून तीही निघाली, मला सांभाळायला म्हणून.

दुकानदाराने सुरीच्या मुठीवरचं कुंकू पाहिलं आणि हात जोडले. "माजी, पूजा किया हुआ माल वापस नहीं होता."

"वापस नंतर. आधी टोमॅटो कापून दाखव."

त्याने टोमॅटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याशी बोलायचं सोडून मामीकडे वळला. "बेन, चप्पू में धार है. माजी के हाथ में अब जोर नहीं."

घरात जे ऐकलं तेच दुकानात. मी काही बोलणार इतक्यात मामीने सुरी उचलली. मला वाटतं, भांडण मिटवावं एवढाच तिचा हेतू होता. तिने टोमॅटो काउंटरवर धरला आणि कापायला गेली. साल दबली. तिने जोर दिला. टोमॅटो फुटला आणि बिया थेट तिच्या दसऱ्याच्या नव्या साडीवर.

मग तुमची मामी, जी घरात मला गप्प करत होती, ती गुजरातीत कडाडली, "भाई, आ चप्पू छे के चमची?"

"बेन, पूजा किया हुआ..."

"पूजा आम्ही केली. धार तुम्ही द्यायची होती!" हे मराठीत. त्यालाही कळलं.

त्याने दुसरी पाकीटबंद सुरी काढली. मी पुढचा टोमॅटो सरकवला. "तू काप." तीही तशीच. शेवटी त्याने खालच्या खोक्यातून लाकडी मुठीची एक साधी, काळपट सुरी काढली. ती मी माझ्या हातात घेतली. टोमॅटोची चकती इतकी पातळ पडली की तिच्यातून काउंटर दिसला. दुकानदाराने तीच आम्हाला दिली आणि चकचकीत सुरी गुपचूप गल्ल्याखाली सारली.

वाटेत मामी पदर पुसत म्हणाली, "यांना सांगू नका हं, साडीचं."

सांगायची गरज पडली नाही. डाग मामाला दिसला, ताटातली कोशिंबीरही दिसली. ती त्याने दोनदा वाढून घेतली.

भाजी अजून मीच चिरते. तुम्ही याल तेव्हा मला "आजी, तू बस" म्हणणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल म्हणा. पण खुर्ची ओट्याजवळ आणा, आणि टोपली माझ्या हाताला येईल अशी ठेवा.