मुळं धरेपर्यंत

शेजारच्या काकांना रिकामी फांदी बघवत नाही. आमच्या पोशीर गावात त्यांच्या अंगणात नारळाच्या सोडणापासून बाजेच्या मोडक्या पायापर्यंत सगळ्याला ऑर्किडं बांधलेली. बांधायला काकूंच्या साडीच्या चिंध्या, कारण सुतळी मुळांना काचते. काकू नव्या साड्या कुलपात ठेवतात.

आमच्या आंब्याची एक फांदी पत्र्यावर घासते. ती तोडायची असं बायकोने ठरवलं, तर दुसऱ्या सकाळी फांदीवर हिरवी चिंधी आणि चिंधीत ऑर्किड.

“काका, हे बांडगूळ तुमचं?”

“बांडगूळ झाडाला खातं. ह्ये नुसतं बसतं रं,” काका दुखावले. “मुळांनी साल धरू दे, मंग तोड फांदी.”

तेव्हापासून काका रोज फवारा घेऊन येतात, पाणी मारतात आणि आमच्या पायरीवर नुसते बसतात. “मला काय नको,” म्हणत चहाबरोबर खारी संपवतात.

काल मी शिडी लावून चिंधी सोडली. मुळं सालीला कधीच घट्ट चिकटली होती.

“अहो, धरली का मुळं?” बायकोने खालून विचारलं. “बोलवू का माणसाला फांदी तोडायला?”

पायरीवर बसलेले काका कपात बघत राहिले.

“अजून नाही,” मी म्हणालो आणि चिंधी पुन्हा बांधली.