तेहतीस पसे ज्वारी

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत पुष्पलताबाईंचं घर विचारलं, तर लोक दोन गोष्टी सांगतात. एक, निळ्या फाटकाचं. आणि दुसरी, जेवायच्या वेळेला जाऊ नका, पाला खावा लागेल. दुसरी गोष्ट अगदी खरी आहे. या घरात फरसाणाची बरणी नाही, आणि पाहुणा आला म्हणून कढईत जास्तीचं तेल पडत नाही. संध्याकाळी साडेसातला सगळ्यांनी एका ओळीत बसायचं, टीव्ही बंद करायचा, आधी भाजी आणि काकडी, मग वरण, मग भाकर. ज्याला पटत नाही त्याने उपाशी राहावं. बाई एकसष्ट वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्या घरात अजून कुणी उपाशी राहिलेलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन खापरखेड्याला आल्या, तेव्हा सासऱ्यांचं तिथल्या वीज केंद्राच्या कॉलनीत क्वार्टर होतं. आधी पुरुष जेवत, मग मुलं, आणि कढईच्या तळाला जे चिकटून राही ते बायकांचं. पुष्पलताबाईंना तिसरा महिना होता. एका दुपारी त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं आणि सरळ सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"हे काय, सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"भूक लागली, मामाजी."

सासरे खाली मान घालून जेवले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचंही ताट त्या ओळीत आलं, आणि पुढे कधी उठलं नाही. गणपतराव, म्हणजे बाईंचे यजमान, त्याच वीज केंद्रात नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त होऊन सक्करदऱ्याला आले. बायकोच्या हट्टापुढे न बोललेलं बरं, हे ते त्या दुपारी शिकले.

पण बाईंचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. घरात एकच भांडं शिजेल. कुणाला दुखणं असो, पथ्य असो, एका माणसासाठी वेगळं शिजणार नाही. जे त्याला चालेल तेच सगळे खातील. शेजारणी याला आळस म्हणत. खरं कारण उमरेडला होतं, बाईंच्या माहेरी. त्यांच्या आईला शुगर होती. तिच्यासाठी वेगळ्या पातेलीत फिक्कं वरण शिजायचं, आणि ती कोपऱ्यात पाटावर बसून ते गिळायची. समोर बाकीच्यांच्या पुरणपोळ्या चालायच्या. माणूस किती दिवस सोसेल? आई गेल्यावर उडदाचा डबा उघडला तर तळाशी कागदात गुंडाळलेली बर्फी निघाली. बावन्नाव्या वर्षी, पायाच्या जखमेने गेली ती. घरच्यांनी तिला औषध दिलं, पथ्य दिलं, पण सोबत कुणी दिली नाही, याचा राग पुष्पलताबाईंच्या मनातून आजवर गेलेला नाही. तो जाऊ नये असंच त्यांना वाटतं.

आणि त्या वर्षी अधिक श्रावण आला.

धोंड्याच्या महिन्यात जावयाचा थाट काय सांगावा! त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि तेहतीस अनारशांचं वाण दिवा लावून हातात द्यायचं. त्यात धाकटी मुलगी हिमानी हिच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. जावई दुर्गेश वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात सुपरवायझर. वय बत्तीस. बाप लहानपणीच गेलेला, आई जिजाबाईंनी एकटीने वाढवलेला. पोराचं ताट भरलेलं दिसलं की जिजाबाईंना जग जिंकल्यासारखं वाटे.

जेवणाच्या पंधरा दिवस आधी हिमानी माहेरी आली आणि मेथी निवडता निवडता रडायला लागली.

"आई, यायले शुगर निघाली, तीन-चार महिने झाले. पायाचा फोड बरा होत नव्हता म्हणून तपासलं. उपाशीपोटी दोनशे वीस. डॉक्टरनं गोळ्या देल्या, गोड बंद करायले सांगितलं, रोज चालायले सांगितलं."

"मग रडतं काहून? विहीणबाईले सांग, घरात पथ्य सुरू करा."

"तेच तर नाही सांगायचं! गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरात ठेवते ते. सासूबाई म्हणतीन, लग्नाआधी माह्या पोराले काही नव्हतं, हिच्या हातचं खाऊन झालं. यायनं मले शपथ घातली. तूबी कोणाले सांगू नको. बाबालेबी नाही."

पुष्पलताबाईंनी शपथ घेतली. मग त्या येणाऱ्या जेवणाचा हिशेब मांडू लागल्या. जावई घरी येणार, पाटावर बसणार, सगळी मंडळी त्याला आग्रह करणार, आणि त्या जेवणात जावयाला नाही म्हणता येत नाही.

"एखाद-दोन खातीन ना ते," हिमानी म्हणाली. "एका दिवसानं काय होते?"

"माही मायबी असंच म्हणे," पुष्पलताबाई म्हणाल्या, आणि मेथीची जुडी त्यांनी अशी आपटली की हिमानी पुढे बोललीच नाही.

आता मार्ग एकच होता. जावयाला एकट्याला वगळलं तर भांडं फुटणार. म्हणून कुणालाच गोड नाही. बाईंनी गणपतरावांना सांगितलं, धोंडे होणार नाहीत.

"पुष्पे, डोकं ठिकाणावर हाय का तुहं?"

"हाय."

"लोक शेण घालतीन तोंडात!"

"घालू द्या. माह्या तोंडात घालतीन, तुमच्या नाही."

गणपतरावांनी कारण विचारलं. बाईंनी सांगितलं नाही. शपथ म्हणजे शपथ.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. जिजाबाई नवी पैठणी नेसून, दुर्गेश नव्या शर्टात, त्याच्यामागे हिमानी, आणि गणपतरावांचे धाकटे भाऊ चंपतराव नुसते जेवणाच्या ओढीने. बाईंनी जावयाचे पाय धुतले, ओवाळलं, नवे कपडे दिले. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. मग ताटं आली. ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी, तुरीचं घट्ट वरण, काकडी, मुगाची उसळ आणि ताक. सगळ्यांच्या ताटात तेच.

जिजाबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. "धोंडे मागून येऊन राहिले का, विहीणबाई?"

"नाही. एवढंच हाय."

"अन् अनारसे?"

"केले नाही."

"वहिनी, थट्टा पुरे झाली," चंपतराव हसत म्हणाले. "काढा आता."

"थट्टा नाही, भाऊजी. आज या घरात गोड शिजलं नाही. कोणासाठीच नाही."

जिजाबाईंनी दोन बोटांनी भाजी उचलून पाहिली. "हा तरोटा हाय ना? रस्त्याच्या कडेला उगवते तो?"

"हौ. मागच्या रिकाम्या प्लॉटवरून सकाळीच तोडला. कोवळा हाय."

"पहिल्या धोंड्याले माह्या पोराले रस्त्यावरचा पाला? अवं बाई, म्हशीबी तोंड लावत नाही त्याले!"

"म्हशीले कमी समजते, विहीणबाई."

चंपतरावांना ठसका लागला. जिजाबाईंचा चेहरा लाल झाला. गणपतराव पाण्याच्या तांब्याकडे असे बघत होते, जणू त्यात उत्तर बुडालंय. चंपतरावांनी घसा साफ केला आणि भावाची बाजू घ्यायची म्हणून वहिनीलाच सुनावलं, "वहिनी, घरात काय कमी हाय? पेन्शन हाय, घर हाय. एवढा कंजूसपणा काहून?"

"कंजूस म्हणा, भाऊजी. विहिणीचा मान राखला नाही, जावयाचा अपमान केला, सगळं म्हणा. पाहिजे तर गल्लीत उभं राहून म्हणा. पण या ओळीत जे एकाच्या ताटात, तेच सगळ्यायच्या ताटात."

एवढं बोलून त्यांनी स्वतःचं ताट घेतलं, ओळीच्या टोकाला बसल्या आणि पहिला घास तोंडात घातला. ज्या बाईने चाळीस वर्षांत कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिला आपल्याच घरात दिराकडून कंजूस ऐकावं लागलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते जिभेच्या टोकावर आलंही होतं. त्यांनी ते घासाबरोबर गिळलं, आणि हिमानीकडे चुकूनही पाहिलं नाही.

जिजाबाई उठून उभ्या राहिल्या. "दुर्गेश, ऊठ. जिथं तुही किंमत नाही तिथं जेवायचं नाही."

दुर्गेश उठला नाही.

"ऊठ म्हणते ना!"

"माय, किंमत हाय म्हणूनच हे ताट हाय," दुर्गेश म्हणाला. त्याने भाकरीचा तुकडा मोडून हातात धरला होता. "हिमानी, तू तुह्या आईले सांगितलं ना?"

हिमानीने मान डोलावली.

"मले शुगर हाय, माय. चार महिने झाले. आईले माहीत होतं. तरी तुम्ही सगळे त्यायले एवढं बोलले अन् त्यायनं ऐकून घेतलं. माह्यापायी."

चंपतरावांनी हातातली काकडी ताटात परत ठेवली. जिजाबाई सावकाश हिमानीकडे वळल्या, आणि चार महिने ज्या वाक्याला हिमानी घाबरत होती तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"लग्नाआधी माह्या पोराले काही नव्हतं."

"लग्नाआधी मी कधी तपासलंच नाही," दुर्गेश म्हणाला. "आठ वर्षं झाले गोदामात. दिवसाले सहा गोड चहा, दोन आलूबोंडे, जेवण दुपारी चार वाजता. ते काय हिनं चारलं?"

"पोरीले काही बोलायचं नाही," पुष्पलताबाई कडाडल्या. "बोलायचं तर मले बोला. पण बसून बोला, विहीणबाई. भाकर थंडी होऊन राहिली."

जिजाबाई बसल्या. पटलं म्हणून नाही, दुर्गेश उठत नाही म्हणून. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "चार महिने? अन् मी रोज याच्या चहात दोन चमचे..." पुष्पलताबाईंनी पाण्याचा गिलास त्यांच्यापुढे सरकवला. जिजाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि तरोट्याचा घास घेतला. कडू आहे म्हणाल्या, आणि ताट संपवलं.

निघताना बाईंनी वाण आणलं. पितळेच्या परातीत ओंजळीने मोजलेली ज्वारीची रास, वर पेटलेलं निरांजन.

"तेहतीस पसे हाये. मोजून घेतले," त्या जावयाला म्हणाल्या.

"अन् देवाले काय सांगू मी, अनारशाच्या जागी ज्वारी?" जिजाबाई फणकारल्या.

"सांगा, पुष्पलता कंजूस हाय."

आठव्या दिवशी संध्याकाळी सातला फोन वाजला. जिजाबाई होत्या. कशा आहात वगैरे काही नाही, थेट तक्रार.

"तुमच्या पोरीनं काल दोन कुकर चढवले. एक दुर्गेशचा, फिक्का. एक बाकीच्यायचा."

पुष्पलताबाई मटकन खुर्चीत बसल्या. डोळ्यापुढे उमरेडचा कोपरा आला, तो पाट आला. इतकं सगळं करून पुन्हा तेच?

"मग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मग काय? एक उतरवला मी. माहं लेकरू एकटं काहून खाईन? आता सगळ्यायले तेच. तुमच्यापायी मले या वयात फिक्का चहा प्यावा लागून राहिला, समजलं?" जिजाबाईंचा आवाज चांगलाच चढला होता. "अन् तो तरोटा किती पाण्यानं धुता?"

"दोन पाण्यानं. अन् कोवळाच तोडा. जून झाला की तो खरंच म्हशीबी खात नाही."

फोन ठेवून पुष्पलताबाई तशाच बसून राहिल्या. गणपतरावांनी आतून विचारलं, कुणाचा होता.

"विहीणबाईचा. भांडून राहिल्या होत्या," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी घड्याळात आठ वाजले तरी ताटं मांडली गेली नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.