बा अल्लालना जमिनीवर बसवलं

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा टाइप करून पुसलं. कारण त्या गाद्या मीच उचलून बाहेर नेल्या होत्या.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आमच्या गल्लीतली घिझलान शेवटच्या आठांत आली आणि मोरोक्कोतलं आमचं छोटं सेफ्रू गाव वेडंच झालं. ती तिकडे बैरुतच्या हॉटेलात, स्पर्धेवाल्यांनी फोन काढून घेतलेला. इकडे तिच्या घरी शूटिंगवाले येणार म्हटल्यावर आख्खी गल्ली धावली. आमच्याकडच्या जरीच्या गाद्या, शेजारच्या लल्ला रकियाची चांदीची चहादाणी, कुणाचा गालिचा. पाहुण्यांना घर भरलेलंच दिसायला हवं ना!

तिचे बाबा, बा अल्लाल, गल्लीची भट्टी चालवतात. घरोघरचं मळलेलं पीठ तिथे जातं, पाव होऊन परत येतं. त्या दिवशी गुळगुळीत दाढी, अंगात पांढराशुभ्र पायघोळ जेलाबा.

"काय बा अल्लाल, नवरदेव का आज?" माझी आई.

"गप गं. हसवू नकोस, टीव्हीवर सुरकुत्या दिसतील."

शूटिंगवाली बाई आली, खोलीभर बघून म्हणाली, "छान आहे हो. पण लोक रडले की मतं पडतात. हे सगळं काढू या का?"

बा अल्लालनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकलेली आहेस, पोरी. काढायचं?"

"काढू या की!" एका सेकंदात म्हणाले मी. विचारच नाही केला.

मग जेलाबा उतरवला. भट्टीवरचे मळके कपडे, उघडी भिंत, खाली बसायला नुसती फरशी. "मुलीला काही देऊ शकलो नाही, असं म्हणा," बाईने सांगितलं. ते म्हणाले. मग परत म्हणाले, कारण पहिल्यांदा आवाज नीट आला नव्हता.

घिझलानने ते शूटिंग पहिल्यांदा पाहिलं ते थेट स्टेजवर, गाण्याच्या आधी. वाद्यं वाजली, थांबली, परत वाजली. ती नुसती माइक धरून उभी. आम्ही टीव्हीसमोर ओरडतोय, "गा गं! गा ना!" तिला कुठलं ऐकू जातंय.

स्पर्धेतून बाहेर पडली. घरी आल्या आल्या बाबांना म्हणाली, "मला काही दिलं नाहीत? असं का बोललात तुम्ही?"

तेव्हापासून दोघं एका घरात गप्प आहेत. बा अल्लालना वाटतं आपल्यामुळे पोरगी हरली. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही, तिच्याकडेसुद्धा नाही. आणि आपण गल्लीतले सगळे, त्यांना तोंड दाखवायच्या लाजेने, भट्टीवर पोरांच्या हाती पीठ पाठवतो! मी तीनदा भट्टीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

तुम्ही तरी जा ना. उद्याच जा. पीठ घेऊन स्वतः जा, आणि घटकाभर बसा त्यांच्यापाशी.