कडेला जागा मागणाऱ्या बाई

दर रविवारी सकाळी दहा वाजता मी कांबळे बाईंना फोन लावत असे. त्या रविवारीही लावला. पलीकडून आवाज आला तो मात्र बाईंचा नव्हता. "कोण बोलून राहिलं? हितं नुसतं 'सुशोभीकरण' असं नाव आलंय." मी म्हणालो, "बाईंना द्या. भाऊसाहेब आहेत म्हणा." ती बाईंची भाची होती. म्हणाली, "काका, मावशी गेल्या की. मंगळवारीच. झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत बी न्हाई टिकल्या." म्हणजे पाच दिवस बाई नव्हत्या, आणि मी नांदेडात भाजी निवडत, पेपर वाचत, रविवारी त्यांना काय काय सांगायचं ते ठरवत बसलो होतो. दोष कुणाला देणार? कळवायच्या माणसांत मी कुठं बसत होतो? ना नात्याचा, ना समाजाचा, ना गावाचा. भाचीनं विचारलं, "तुम्ही मावशीचे कोण?" मी म्हणालो, "ऑफिसातला." बाईंनी जन्मभर शाळेत नोकरी केली हे तिला माहीत होतंच, तरी बिचारीनं बाईंच्या स्मरणाच्या कार्यक्रमाचा, पुण्यानुमोदनाचा, दिवस आणि वेळ सांगितली. फोन ठेवला आणि चहा करायला उठलो. सवयीनं दोन कप पाणी टाकलं, तेव्हा लक्षात आलं की बायको जाऊनही आता सहा वर्षं झाली.

मी मूळचा लोह्याचा. घर नांदेडला, पण नोकरीची शेवटची वर्षं लातूर जिल्ह्यात काढली, रस्त्यांची कामं पाहणाऱ्या एका कचेरीत, कारकून म्हणून. गावाचं आणि कचेरीचं नाव लिहीत नाही. कारकुनाची जात, कागदावर नाव घ्यायला भिते. बाई जळकोटच्या. कचेरीच्या गावच्या कन्याशाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून, चांगली दोन किलोमीटर लांब. एके दिवशी त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदराला खडूचे डाग, हातात अर्ज. "भाऊसाहेब, सरकारनं पोरींना सायकली दिल्या आणि रस्ता ट्रकला दिला. आता कडेला थोडी जागा बी द्या." मी त्यांना बसा म्हणालो नाही. अशा अर्जांना आम्ही 'आलं आणि गेलं' म्हणत असू. म्हणजे आवक रजिस्टरला आलं आणि कपाटात गेलं. पण बाई पुढच्या आठवड्यात परत आल्या, त्याच्या पुढच्याही. त्यांच्या वर्गातल्या एका पोरीला ट्रकचा धक्का लागला होता. पोर वाचली, हात मोडला. पण बापानं तेवढ्यावर शाळा बंद केली आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. तिचं नाव बाई प्रत्येक अर्जात लिहायच्या आणि मी प्रत्येक वेळी खोडायला लावायचो. "बाई, अर्जात नाव नसतं, लोकहित असतं." त्या म्हणायच्या, "लोकहित म्हंजे कोण हो? ती कितवीत शिकून राहिली?"

दोन वर्षांत या बाईंनी मला वठणीवर आणलं. मी त्यांचे अर्ज कपाटात टाकायचं सोडून स्वतःच लिहून देऊ लागलो. गंमत अशी की रस्ता रुंद करायला निधी असे, डांबराला असे, पुलाला असे; पण चालणाऱ्या आणि सायकलवर जाणाऱ्या माणसासाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. मग मी डोकं चालवलं. त्या वर्षी सुशोभीकरणाच्या लेखाशीर्षात, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात, निधी पडून होता. मी बाईंना म्हणालो, "पायवाट, सायकलवाट हे शब्दच काढून टाका. 'शाळेकडील रस्त्याच्या कडेचे सुशोभीकरण' असं लिहा. नाव काही का असेना, कडेला फरशी पडली की पोरी तिच्यावरनं जातील." बाईंना ते पटत नव्हतं. "भाऊसाहेब, मला शोभा नको. जे पाहिजे त्येच मागू." मी हट्टाला पेटलो. तीस वर्षं फाइली चाळलेला माणूस मी, मला कळत नाही तर कुणाला? शेवटी माझ्या शब्दाखातर त्यांनी सही केली. आज कुणी विचारलं, आयुष्यातली सर्वांत मोठी चूक कोणती, तर मी त्या सहीकडं बोट दाखवीन. सही त्यांची, चूक माझी.

काम मंजूर झालं! बाईंनी कचेरीत पेढे वाटले, शिपायाला दोन दिले. आणि मग सुशोभीकरण झालं, अगदी नावाप्रमाणे. रंगीत फरशी बसली, पण रस्त्यापासून वीतभर उंच. तिच्यावर दर दहा पावलांवर सिमेंटच्या कुंड्या, मधे लोखंडी कठडा, बाकडी, रंगीत दिवे, वेशीजवळ फोटो काढायला कमान. सायकल सोडा, माणसाला सरळ चालता येईना. वर फरशीनं रस्त्याची मातीची कड गिळली, ती वेगळीच. पूर्वी ट्रक आला की पोरी निदान मातीत उतरायच्या. आता त्या ट्रक आणि कुंडी यांच्या मधे आल्या. बाईंनी नवा अर्ज केला. त्याला उत्तर गेलं, 'सदर लांबीत काम झालेले असल्याने पुनश्च निधी अनुज्ञेय नाही.' नियम तसाच होता, आणि ते उत्तर टाइप केलं होतं मी. दुसऱ्या दिवशी बाई तो कागद घेऊन आल्या. मी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "अनुज्ञेय... हे तुमचं लिहिणं हाय, मी वळकलं." मला वाटलं, आता चारचौघांत माझी अब्रू काढतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चहा सांगा. आन् कुंड्या काढायचा अर्ज कसा लिहायचा ते सांगा." त्याच दिवशी त्यांनी माझा नंबर घेतला. कोणत्या नावानं साठवला, ते मला इतक्या वर्षांनी भाचीकडून कळलं. त्या माउलीनं मला माफ केलं होतं, पण विसरल्या मात्र नव्हत्या!

मी निवृत्त होऊन नांदेडला आलो, पाठोपाठ बाईही निवृत्त झाल्या आणि त्याच गावात राहिल्या, पण अर्ज चालूच राहिले. रविवारी फोनवर मी मजकूर सांगायचो, त्या लिहून घ्यायच्या. काम दहा मिनिटांचं, बोलणं तासाभराचं. गुडघे, भाचीची परीक्षा, तुरीच्या डाळीचं वरण मला अजून नीट का जमत नाही... आठवड्याचे सहा दिवस माझ्याशी नाव घेऊन कुणी बोलत नसे. मुलगा पुण्यात, सून भली आहे, पण तिचं बोलणं "पप्पा, गोळ्या घेतल्या का" इथं संपतं. बाई गेल्यावर माझं काय गेलं, हे कुणाला सांगायची सोय नाही. शेजारी विचारतात, "कोण वारलं?" मी सांगतो, "ओळखीच्या होत्या." एवढ्यावर कोण सांत्वन करणार?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो. कार्यक्रम दहाला होता, मी नऊलाच पोचलो. हाताशी वेळ होता म्हणून शाळेच्या रस्त्यानं चालायला लागलो. लाज वाटते सांगायला, पण ज्या रस्त्याचे मी वीसेक अर्ज लिहिले, त्यावर मी कधी पायी चाललो नव्हतो. शाळेचं फाटक दिसू लागलं, तेवढ्यात एका कुंडीपाशी कठडा आडवा आला, खाली डांबरावर उतरावं लागलं. मागून घंटी वाजली. "काका, बाजूला व्हा ना!" सायकलवर तीन-चार पोरी. मी बाजूला व्हायला गेलो, तर व्हायला जागाच नव्हती. त्यातली एक पाय टेकवून थांबली. म्हणाली, "काका, हितं उभं न्हाई ऱ्हायचं, हितं ट्रक लई जवळून जात्यात. बाई होत्या तवर ट्रकवाले थांबायचे." मी विचारलं, "कोणत्या बाई?" ती म्हणाली, "कांबळे बाई. रोज सकाळी हितं रस्त्यात हात आडवा करून उभ्या ऱ्हायच्या. आमी गेलो की मग घरी जायच्या. आता ट्रक जाईस्तवर आमीच थांबतो."

दर रविवारी तासभर बोलायचो, पण हे बाई मला कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला त्या सहीची आठवण झाली असती, म्हणूनच. मी तिथंच गदगदून रडलो. पोरी घाबरल्या असतील. मागून उसाची ट्रॉली येत होती. मी रस्त्यात दोन पावलं पुढं झालो आणि हात आडवा केला. ट्रॉलीवाल्यानं शिवी हासडली, पण वेग कमी केला. पोरी गेल्या. त्यांच्यामागून आणखी आल्या, मग आणखी. उद्या मी नांदेडात असणार, हे मलाही माहीत होतं आणि बाहेरगावचा पाहुणा रोज येणार नाही हे त्यांनाही कळत असावं; माझ्याकडं बघून कुणी हसलं नाही. शेवटची सायकल फाटकातून आत जाईपर्यंत मी उभा राहिलो. बाईंच्या दारी पोचलो तेव्हा बुद्धवंदना संपून माणसं जेवायला बसली होती.