पेशी वाढत नव्हत्या तेव्हा

त्या काळात मी देवीशी बोलणं सोडलं होतं. दिवा लावायचे, पण मागायचे काही नाही. माझे घरधनी ट्रकवर ड्रायव्हर होते; नेरच्या जिनिंग कारखान्यातून कापसाच्या गाठी घेऊन गुजरातेकडे जायचे. ते एचआयव्हीनं खंगत खंगत गेले आणि नंतर तोच माझ्याही रक्तात निघाला. कापसाची ती वाईट वर्षं होती. गावात कर्जापायी कुणी जीव दिला की त्या घरातून आकांत ऐकू यायचा आणि सगळे तिकडे धावायचे. माझ्या दारात मात्र कुणी आलं नाही. सासूबाईंनी माझं ताट-गिलास वेगळं ठेवलं. रागानं नाही, भीतीनं.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की, औषधानं विषाणू दबतो, मग शरीर राखणाऱ्या पेशी हळूहळू वाढतात. माझ्या वाढेनात. दर तपासणीला त्या जिथल्या तिथं. "विषाणू दबला आहे, पण काहींच्या पेशी उशिरा भरतात. गोळ्या सोडू नका," बाई म्हणायच्या. मी एकही गोळी चुकवली नव्हती. तरी तोंड आलेलं, अंगात कणकण, आणि आरशात बघवत नव्हतं.

एकदा पुन्हा तोच निकाल घेऊन बाहेर पडले आणि मनाशी ठरवलं, आता बस. स्टँडच्या वाटेवर देवीचं देऊळ आहे. यापुढे गोळ्या घेणार नाही, एवढंच तिला सांगायला गेले. पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथंच बसले. पायरीशी हार विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान मावशीनं आपला पाण्याचा गिलास पुढे केला. मी सवयीनं वरून ओतून प्यायला गेले.

"तोंड लावून पी, बेटी. पाणी सांडून राह्यली तू."

मी प्याले. उरलेलं पाणी ती त्याच गिलासानं स्वतः प्याली. मला राहवलं नाही. "मावशी, मले तो मोठा आजार आहे," मी म्हटलं.

"मालूम हाय. पिशवीत गोळ्यायचा डबा दिसला. माह्या सलमाच्या उशाशी असाच राहायचा."

सलमा तिची लेक. नवऱ्याकडूनच आजार आलेली. तिच्याही पेशी वाढत नव्हत्या. कंटाळून तिनं गुपचूप गोळ्या बंद केल्या, आणि आईला कळलं तेव्हा उशीर झाला होता. हे सांगताना मावशीचे हात झेंडू ओवतच होते. मग ते थांबले. "तू तं नाही सोडल्या ना?" तिनं विचारलं.

मी काय ठरवून आले होते हे तिला कसं कळावं? मी मान हलवून नाही म्हटलं. देवीपुढे गेले, पण जे सांगायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही. खूप दिवसांनी तिच्यापुढे रडले.

गोळ्या चालू ठेवल्या. पेशी त्यानंतरही बराच काळ हलल्या नाहीत. मग एका तपासणीला थोड्या वर आल्या, पुढच्या वेळी आणखी. अंगातली कणकण गेली, अन्नाला चव आली. डॉक्टरीणबाईंनाही आनंद झाला. मी तिथून थेट देवळाकडे गेले. मावशी होती. तिला सांगितलं तशी तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"माह्या सलमाच्याबी वाढल्या असत्या," ती हळूच म्हणाली.

माझ्या वाटेवर जी मावशी बसली होती, तिला स्वतःच्या लेकीचं वेळेवर का कळलं नाही, हे मी देवीला पुष्कळ विचारलं. आता विचारत नाही. पेशी किती वाढाव्यात हे तिच्यावर सोडलं आहे. गोळी मात्र रोज मी माझ्या हातानं घेते. गोळी घेतली की हात जोडते, आणि मी कधीही न पाहिलेल्या सलमाचं नाव घेते.