सुरुंगवाल्याचं हेल्मेट

कवळीवाल्यांच्या शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या मागे, एक चिमुकली डबी असते. सुटा दात ठेवायला वापरतात ना, तसली. आत दात नाही, हेल्मेट आहे. पिवळं, वाटाण्यापेक्षा जरासंच मोठं, समोर दिव्याचा टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा. ते ज्याच्या डोक्यावरचं, तो सुरुंगवाला कवळीवाल्यांच्या हातून लहानपणी गटारात पडला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. पूल आधी कोण उडवणार, यावरून थोरल्या भावाशी झटापट चालली होती. हेल्मेट तेवढं मुठीत राहिलं. भाऊ पुढे सगळं विसरला, आजोबाही झाला. हे गृहस्थ मात्र अजून त्या गटाराच्या काठावरच उभे आहेत.

सुरुंगवाला हा 'पोलादी पलटणी'तला गडी. वीतभरसुद्धा नाही, पण मान वळे, कोपर वाके, गुडघा वाके, कमरेत मुरडे. पाणबुड्या, रेडिओवाली, बर्फातला भालदार, असा सगळा गोतावळा. त्या काळी खेळण्यांच्या दुकानात पलटणीची अख्खी भिंत असायची. मग भिंतीचं कपाट झालं, कपाटाचा खण झाला आणि शेवटी सायकलच्या घंट्यांशेजारी एक खुंटी उरली. पोरं फोनवर खेळायला लागली तशी कंपनी बिथरली. तिने बाहुले मोठे केले, त्यांना बोलतं केलं, मग खर्च परवडेना म्हणून गुडघेच काढून टाकले. ताठ पायांचा शिपाई कोण घेणार? पोरांनी घेतला नाही, आणि एक दिवस कारखान्याला टाळं लागलं. बातमी वाचून रडले कोण, तर टक्कल पडलेले बाप्ये.

हे बाप्ये वर्षातून एकदा एका सभागृहात जमतात. अर्धं सभागृह पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांचं, कोपरा यांचा. मंडळ दर वर्षी आटतंय. जमिनीवर बाहुले मांडून बसतात आणि उठताना एकमेकांना हात देतात. बाहुल्यांचे गुडघे वाकतात, यांचे वाकत नाहीत. त्यातही सोवळंओवळं आहे. पाकीट न फोडलेला बाहुला सोवळ्यातला, आणि फोडलेला म्हणजे ओवळा. कवळीवाल्यांकडचे सगळे फोडलेले, खेळलेले. कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाच्या टाचेवर यांच्याच दुधाच्या दातांचे व्रण. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगांमधून हे सैन्य पहारा देतं. कवळी न्यायला आलेला म्हातारा आपला जबडा ओळखण्याआधी रेडिओवालीकडे बघून दचकतो.

आता हा छंद ज्याचा त्याचा. पण तो लागला सोफाशेठना, आणि इथून पोटदुखी सुरू झाली.

सोफाशेठ म्हणजे कवळीवाल्यांचे साडू, धाकट्या मेहुणीचे यजमान. फर्निचरचं दुकान, माणूस गोडबोल्या, जिथे जाईल तिथे खुर्ची ओढून मधोमध बसणारा. एकदा जेवायला आले, हात धुता धुता त्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "दादा, काय मस्त हो! लहानपणी माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं."

कवळीवाल्यांना वाटलं, बिचारा. तासभर एकेक शिपाई हातात देऊन दाखवला. हीच चूक. वर्ष सरायच्या आत शेठच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट उभं राहिलं आणि त्यात ओळीने पाकिटबंद पलटण. एकाचंही पाकीट फोडलेलं नाही. सभागृहातल्या कोपऱ्यात लोक आता आधी शेठना नमस्कार करू लागले, आणि मग, "हे कोण? हां, साडू का यांचे!"

"साडू यांचे!" घरी आल्यावर कवळीवाले बूट न काढताच गरजले. "मी यांचा साडू? हा माझा साडू आहे!"

"नातं दोन्हीकडून सारखंच असतं हो," बायको म्हणाली. "बूट काढा."

पण खरा घाव पुढेच होता. जुन्या बाजारातल्या खेळणीवाल्या आजी दुकान बंद करत होत्या. त्यांच्या वरची-खालची अशा दोन्ही कवळ्या यांच्याच हातच्या. त्या उपकाराला स्मरून आजींनी फोन केला, "माळ्यावर एक खोकं सापडलंय. तुमचा तो पिवळ्या टोपीवाला आहे त्यात. बंद पाकिटात. उद्या या."

कवळीवाल्यांच्या हातातून मेण कापायचा चाकू गळाला. संध्याकाळी त्यांनी ही बातमी फक्त बायकोला सांगितली. बायकोने फक्त बहिणीला सांगितली. बहिणीने फक्त नवऱ्याला सांगितली. इतकी गुप्तता पाळूनही दुसऱ्या दिवशी घात झाला. सकाळी एका नवऱ्या मुलाच्या बापाची कवळी तातडीने घासून द्यायची होती. वधूपक्षासमोर बोळक्या तोंडाने कसं जाणार बिचारा? ती देऊन कवळीवाले धापा टाकत दुकानात पोचले, तर आजी प्रसन्न हसत म्हणाल्या,

"अहो, तुमचे साडू मघाशीच घेऊन गेले की! टेम्पोच घेऊन आले होते. म्हणाले, एकाच घरातले आम्ही."

आपण घडवलेले दात आपल्यालाच हसताना बघणं काय असतं, ते त्या दिवशी कवळीवाल्यांना कळलं.

त्यानंतर ते धड जेवेनात. कवळी घासताना स्वतःचेच दात-ओठ खात बसत. बायकोने आठवडाभर सोसलं आणि मग म्हणाली, "सवत आणली असती तरी मी इतकी झुरले नसते. मागून घ्या ना सरळ. म्हणावं, लहानपणीचा आहे माझा."

"त्याच्याकडे मागू? मी? तो देईल वर, आणि मग जन्मभर सांगत फिरेल, दादांना मी दिला म्हणून!"

"म्हणजे नाही दिला तर राग आणि दिला तर जास्त राग."

"बरोबर," कवळीवाले म्हणाले. प्रामाणिक माणूस.

मग एका रविवारी शेठकडून जेवणाचं बोलावणं आलं. जायचं नाही असं ठरवून कवळीवाले सगळ्यांच्या आधी तयार झाले.

दिवाणखान्यात मधोमध, एकट्यासाठी काचेची पेटी केलेली, आणि तिच्यात सुरुंगवाला. पुठ्ठ्यावर उभा, वर पारदर्शक फुगवटा, डोक्याच्या वर वेगळ्या कप्प्यात पिवळं हेल्मेट. पेटीच्या छताला शेठने दुकानातला दिवा बसवला होता, ज्याच्या उजेडात रेक्झिनही कातड्यासारखं दिसतं तो. कवळीवाल्यांनी काचेवर हात टेकला आणि पटकन काढून घेतला. काच तापली होती.

त्यांना तत्क्षणी सगळं कळलं. पलटणीच्या प्रत्येक गड्याच्या पोटात एक काळं रबराचं कडं असतं. पाय त्याच कड्याला आकड्याने अडकवलेले. रबर आहे तोवर कंबर आहे. रबराला उष्णता लागली की ते आधी चिकट होतं, मग ठिसूळ, मग संपलं. आपल्या खोलीतल्या प्रत्येक शिपायाचं रबर त्यांनी स्वतः बदललं होतं. वेड्यावाकड्या दातांच्या तारांना लावायची बारीक रबरं तिथे अगदी नेमकी बसतात. एक वाक्य बोलले असते, 'शेठ, दिवा काढा', तर काम झालं असतं.

"कसा वाटतो दिवा?" शेठनी विचारलं.

कवळीवाल्यांच्या जिभेवर ते वाक्य आलं. मग त्यांना टेम्पो आठवला.

"झकास," ते म्हणाले. "फक्त चेहऱ्यावर जरा कमी पडतो. अजून थोडा खाली घेता येईल का?"

"वा! याला म्हणतात नजर," म्हणत शेठनी तिथल्या तिथे दिवा बोटभर खाली घेतला.

त्या दिवशी कवळीवाले दोनदा वाढून घेऊन जेवले. बायकोला वाटलं, राग गेला. राग कुठला जातोय? मनात हिशेब मांडून झाला होता. पाय गळणार. बसवायचे तर पाकीट फोडावं लागणार. पाकीट फुटलं की शेठच्या लेखी तो मातीमोल, भंगार. आणि भंगार घरात कोण ठेवतं? 'दादा, तुम्हीच घेऊन जा' असं शेठ आपल्या तोंडाने म्हणणार. मागायला नको, उपकार नको. खिशातल्या डबीवर हात ठेवून कवळीवाले ती वेळ यायची वाट बघू लागले. मेहुणीचा फोन आला की आधी कान टवकारत. बायको म्हणे, "इतकी ओढ माझ्या माहेरच्यांची कधी लागली हो?"

उन्हाळा सरता सरता फोन आला. शेठ स्वतः होते आणि आवाज पार उतरलेला.

"दादा, लगेच या हो. त्याचे पाय गळालेत."

कवळीवाले निघाले ते हत्यारांची पेटी घेऊन, आणि चेहऱ्यावर दुखवट्याचा भाव चढवून. तो जिन्यावर दोनदा घसरला, पुन्हा चढवला. बायको मागोमाग आलीच, ती असली गंमत चुकवणार थोडीच?

पेटीत बघवत नव्हतं. सुरुंगवाला कमरेपर्यंत पुठ्ठ्याला चिकटून, आणि दोन्ही पाय फुगवट्याच्या तळाशी, जणू कुणी पायजमा काढून टाकलाय. आणि हेल्मेट? दिव्याच्या सगळ्यात जवळ होतं ते. त्याची वितळून पिवळी गोळी झाली होती. हे मात्र कवळीवाल्यांच्या हिशेबात नव्हतं.

"न फोडता काही करता येईल?" शेठ.

"पोट न फाडता ऑपरेशन होतं का?"

"फोडलं तर संपलाच की तो."

"न फोडताही संपलेलाच आहे. आता तुम्ही ठरवा, शेठ. बंद पाकिटातला लंगडा हवा, की बाहेरचा धडधाकट?"

शेठ सोफ्यावर बसले, आज चक्क कडेला. मग तोंड फिरवून म्हणाले, "फोडा."

ज्या पात्याने कवळीचं मेण कापायचं, त्याने कवळीवाल्यांनी फुगवट्याची कड कापली. आतून कारखान्याचा वास आला, नव्या प्लॅस्टिकचा, लहानपणच्या वाढदिवसाचा. पाठीचा स्क्रू काढला, कुजलेलं रबर चिमट्याने खरवडलं, नवं रबर ताणून आकड्यात अडकवलं, दोन्ही फाका मिटल्या, स्क्रू पिळला. मग बोटाने कंबर फिरवली. सुरुंगवाला वळला. गुडघा वाकवला, वाकला. टीपॉयवर ठेवला, तर एका गुडघ्यावर बसून समोरच्या फळांच्या परडीखाली सुरुंग लावायच्या तयारीत.

आता शेठ म्हणणार, 'घेऊन जा', म्हणून कवळीवाले हात पुसत थांबले.

"द्या बघू इकडे," शेठ म्हणाले.

त्यांनी बाहुला हातात घेतला. एवढी पलटण जमवली, पण एकाही गड्याला माणसाने हात लावला नव्हता. त्यांनी कोपर वाकवलं. सरळ केलं. परत वाकवलं. मान वळवली. मग हळूच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्याला सोफ्याच्या हातावरून चालवत नेला आणि तोंडाने बारीक 'धुडुम्' केलं.

मेहुणी म्हणाली, "ताई, हे बघ काय करतायत!"

"आमच्याकडे रोजचंच आहे ते," ताई म्हणाली.

"दादा!" शेठचे डोळे चमकत होते. "हे असं असतं होय? मला कुणी सांगितलंच नाही! आता हा जन्मात देत नाही मी कुणाला."

झालं. आपल्याच हाताने, आपल्याच रबराने कवळीवाल्यांनी साडूच्या हातात चालताबोलता सुरुंगवाला दिला होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्यात शेठचा चेहरा पडला.

"पण डोकं बोडकंच राहिलं याचं. हेल्मेट गेलं. बोडक्या डोक्याचा सुरुंगवाला म्हणजे..."

कवळीवाल्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला. दाखवावं, तर शेठ मागणार. न दाखवावं, तर जन्मभर सांभाळलेलं ते हेल्मेट पुन्हा सुरुंगवाल्याच्या डोक्यावर बघायचं कधी? त्यांनी डबी काढली, झाकण उघडलं आणि शेठच्या हातातल्या बाहुल्याच्या डोक्यावर ते पिवळं हेल्मेट दाबलं. टक् आवाज करून बसलं.

मग शेठ घसा खाकरून म्हणाले, "दादा, तुमच्याकडे हे नुसतंच पडून असतं ना?"

"आणि तुमच्याकडे हा," म्हणत कवळीवाल्यांनी हेल्मेट उचकटलं, डबीत घातलं आणि बटण लावून खिसा बंद केला.

तेव्हापासून दर रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवतात. जेवणं झाली की शेठ सुरुंगवाला आणतात, कवळीवाले डबी उघडतात, टीपॉयवर पूल उडतो. निघायची वेळ झाली की दोघं एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून बसतात. सोहळ्यातल्या दागिन्यांवर लोक ठेवत नाहीत एवढी.

"आजची रात्र राहू द्या की हेल्मेट," शेठ गळ घालतात.

"जरूर. याला पाठवा माझ्याकडे एक रात्र, हेल्मेट त्याच्या डोक्यावर घालूनच ठेवतो."

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," दारात चपला घालता घालता ताई धाकटीला म्हणते, आणि दोघी बहिणी पदराआड हसतात.

काचेच्या पेटीतला तो दिवा मात्र शेठनी काढून टाकला. त्याच्याच उष्णतेने घात झाला, हे कुठूनतरी त्यांच्या कानावर आलं. दिवा खाली घ्यायला कोणी सांगितलं होतं, हे त्यांना अजून आठवलेलं नाही. त्यांनी नुसता दिव्याचा विषय काढला, तरी कवळीवाले लगेच उठून बाहुल्याचा गुडघा तपासायला लागतात.